बंद करायला फोन कुणाला?

मागच्या महिन्यात एका कॉलेजात मला व्याख्यानाला बोलावलं होतं. विषय होता ब्लॉकचेनच्या वेगवेगळ्या जाळ्यांची तुलना. मला बोलावण्याचं कारण एवढंच, की ज्यांना बोलावलं होतं ते पुण्याहून आलेच नाहीत. उन्हाळ्याची दुपार, वर पत्रा, पोरं जेवून आलेली आणि मी उपाशी. फळ्यावर दोन रकाने आखले. पहिल्यात, जाळं किती वेगात काम करतं. दुसऱ्यात, त्याच्या नकला किती जणांकडे आहेत. खडू खाली ठेवणार तोच हातानं आपण होऊन तिसरा रकाना आखला आणि वर लिहून टाकलं, 'बंद करायला फोन कुणाला?' पोरं हसली. संयोजक पुढं येऊन अदबीनं म्हणाले, "सर, हे कुठल्या पुस्तकात आहे?"

पुस्तकात नाही. हा रकाना कलशेट्टी मॅडमचा. माझं स्वतःचं असं त्या फळ्यावर काहीच नव्हतं. पहिला रकाना तर मी वर्षानुवर्षं जाहिराती वाचून भरत आलोय.

कलशेट्टी मॅडम आमच्या कॉलेजात माझ्याही आधीपासून होत्या. मी आलो, कायम झालो, मला कपाट मिळालं, कपाटाची किल्ली हरवली, दुसरी मिळाली, तरी त्या तासिकेवरच होत्या. तासिकेवर म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्या तासांचे पैसे. दिवाळीच्या सुट्टीचे नाहीत, उन्हाळ्याचे तर नाहीतच. जून आला की पुन्हा अर्ज, पुन्हा तीच प्रमाणपत्रं आणि पुन्हा मुलाखत. एका जूनमध्ये त्या मुलाखतीच्या टेबलामागं मलाच बसवलं होतं. चारचौघांत रुबाब दिसावा म्हणून मी चष्मा वर करत म्हटलं, "मॅडम, आपला परिचय द्या."

त्या दमल्या आवाजात म्हणाल्या, "सर, आत्ता तासाभरापूर्वी तुम्ही माझ्या डब्यातली शेंगाचटणी खाल्लीत की."

पन्नाशी उलटलेली, अंगानं बारीक, पदराला मोठी सेफ्टी पिन आणि त्या पिनेत अडकवलेल्या आणखी दोन पिना. गुडघे दुखायचे, म्हणून जिन्याच्या प्रत्येक वळणावर त्या दोन मिनिटं बसायच्या. येणाऱ्याजाणाऱ्या पोरांना तिथंच शंका विचारायची सवय लागली होती. माझी केबिन वर होती, पंखा होता, समोर खुर्ची होती. तिथं शंका विचारायला कुणी आलं नाही. 'कशा आहात मॅडम?' असं विचारलं तर उत्तर ठरलेलं, 'आहे.' घरात कानडी, बाहेर मराठी. फार दमल्या की कानडी बाहेर यायची. एखादा पोरगा पाठ केलेलं घडाघडा म्हणायला लागला, की हात वर करून म्हणायच्या, "साकु, साकु. पुरे झालं. आता तुला काय कळलं ते सांग."

'क्रांती' या शब्दाचा त्यांना भयंकर कंटाळा होता. नवीन तंत्रज्ञानावर कुणीही बोलायला उभा राहिला की पहिल्या पाच मिनिटांत तो शब्द येतोच. मॅडम शेजारणीच्या कानात म्हणायच्या, "क्रांती झाली म्हणे. घरी गेल्यावर भांडी मात्र मलाच घासायचीत."

आमची ओळख झाली तीही माझ्याच फजितीतून. मी नुकताच ब्लॉकचेनवर दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आलो होतो. दोन दिवस पुरे असतात, तिसऱ्या दिवसापासून शंका यायला लागतात. मी लगेच परिसंवाद ठेवला. पडद्यावर रंगीत तक्ता. जुनं बिटकॉइनचं जाळं तळाला, सेकंदाला बोटांवर मोजावेत एवढेच व्यवहार. वर एकाहून एक वेगवान जाळी, सेकंदाला हजारो. मी काठीनं दाखवत म्हणालो, "म्हणजे मित्रांनो, जुनं ते बैल आणि हे विमान!"

शेवटच्या बाकावरून मॅडमनी विचारलं, "सर, हे हजारांचे आकडे मोजले कुणी?"

"त्यांनीच, मॅडम. त्यांच्याच संकेतस्थळावर आहेत."

"बरं. आणि तुमचं हे विमान मध्ये एकदा बंद पडलं होतं ना? परत चालू कसं झालं?"

हे मला माहीत होतं म्हणून मी खूश झालो. "सोपं आहे. यंत्रं चालवणारे सगळे एका ग्रुपवर आले, एकमेकांशी बोलले आणि ठरवून एकदम पुन्हा चालू केलं!"

"एका ग्रुपवर मावले का सगळे?"

हॉल हसला. मीही हसलो, कारण काय झालं ते मला कळलं नव्हतं. ते कळलं संध्याकाळी, स्टाफरूममध्ये. कडक भाकरीचा तुकडा मोडून माझ्यापुढं ठेवत त्या म्हणाल्या, "रागावू नका सर. मी एवढंच बघते, की हे जाळं बंद करायचं झालं तर फोन कुणाला करावा लागेल? जुन्या जाळ्यात फोन लावायला माणूसच सापडत नाही. ज्याच्या त्याच्या घरी नक्कल. म्हणून ते हळू, आणि म्हणूनच ते कुणाच्या बापाला ऐकत नाही. तुमच्या विमानात दहा-पंधरा फोन केले की काम झालं. विमान चांगलंच आहे हो. फक्त त्याला बैलासारखं मोकळं म्हणू नका."

ब्लॉकचेन म्हणजे तेवढंच. एकाच नोंदीच्या नकला अनेकांकडे असतात, नवी ओळ बहुतेकांनी मान्य केली की चढते, आणि चढलेली ओळ एकट्यादुकट्याला पुसता येत नाही. माणसं वाढवली की काम हळू होतं, कमी केली की पटापट. सगळी जाळी या दोहोंच्या ओढाताणीत कुठंतरी उभी आहेत. प्रशिक्षणात मला हे समजावायला दोन दिवस लागले होते.

वर्गात त्या हे हजेरीवरून शिकवायच्या. पहिल्या दिवशी प्रत्येकानं सगळ्या वर्गाची हजेरी आपापल्या कागदावर घ्यायची, मग कागद जुळवायचे. अख्खा तास त्यातच जायचा. पोरं वैतागायची, पण गैरहजर पोराची हजेरी काही केल्या लागायची नाही. दुसऱ्या दिवशी त्या म्हणायच्या, "बरं बाबांनो, वेग पाहिजे ना? हे तिघं हजेरी घेतील." मिनिटात काम. आठवडाभरात वर्ग शंभर टक्के हजर दिसायला लागायचा, बाक अर्धे रिकामे. मॅडम त्या तिघांना उभं करायच्या.

"खरं सांगा, कुणी काय पाजलं?"

"चहाच, मॅडम. आणि एकदा भजी."

"बसा खाली," त्या इतर पोरांकडे वळायच्या. "तीन जणांचं जाळं केवढ्याला पडतं ते कळलं का? चहा आणि भजी."

त्यांना दोष नव्हते असं नाही. स्लाइड बनवता यायच्या नाहीत आणि शिकायची तयारीही नव्हती. एकदा एखाद्या पोराबद्दल मत वाईट झालं की झालं. वर्तमानपत्र वाचून घडी अशी चुकीची घालायच्या की नंतर कुणाला वाचता यायचं नाही. आणि हट्ट. त्या हट्टापायी पुढचं सगळं झालं.

आमची संस्था मोठी आहे. शहरात कॉलेज, शुक्रवार पेठेत मुलींची शाळा, चिंचोळीजवळ आयटीआय, मंगळवेढ्याला शाळा, अक्कलकोटला कनिष्ठ महाविद्यालय, आणखी एक शाळा, आणि शहरातलं मध्यवर्ती कार्यालय. त्यातल्या एका ठिकाणी मुलांचे अंतर्गत गुण भरल्यानंतर बदलले गेल्याची बोंब झाली. कुणी बदलले ते कळलं नाही, कारण संगणक एक आणि पासवर्ड सगळ्यांना ठाऊक. आमच्या सचिवांच्या, म्हणजे साहेबांच्या, कानावर कुठूनतरी ब्लॉकचेन पडलं होतं. स्नेहसंमेलनात त्यांनी जाहीर करून टाकलं की यापुढं संस्थेतले गुण ब्लॉकचेनवर. टाळ्या झाल्या. तुलनेचा अहवाल आणि सगळी उभारणी कुणाकडं? विषय शिकवणाऱ्या एकट्या कलशेट्टी मॅडमच. मी मदतनीस.

त्याच वर्षी विभागात एक पूर्ण वेळेची जागा मंजूर झाली. कितीतरी वर्षांनी. पुढची जागा निघेपर्यंत मॅडमचं निवृत्तीचं वय होणार, हे सगळ्यांना दिसत होतं. त्यांचे यजमान आधी सूतगिरणीत आणि नंतर चिंचोळीच्या कारखान्यात होते. फुप्फुसं गेली होती. घरात ऑक्सिजनचं यंत्र दिवसरात्र चालायचं. मॅडम या जागेबद्दल एकदाच बोलल्या, जिन्यात बसल्या असताना. "सर, एक तरी पगारी उन्हाळा बघायचाय मला. सकाळी उठायचं, कुठं जायचं नाही, आणि तरी पैसे आलेले. कसं वाटत असेल हो?" मला दर उन्हाळ्यात कसं वाटतं ते सांगायचं धाडस झालं नाही.

मॅडमचं म्हणणं होतं, सात ठिकाणी सात यंत्रं ठेवायची. गुण चढवायचे तर सातांतल्या पाचांनी तरी होकार द्यायचा. म्हणजे कुठल्या एका मुख्याध्यापकाला किंवा खुद्द साहेबांना गुपचूप काही बदलता येणार नाही. वेग कमी असेल, पण गुण चढवायची घाई कुणाला आहे? साहेबांनी मान डोलावली.

आम्ही दोघं एसटीनं यंत्रं पोचवत फिरलो. मंगळवेढ्याच्या गाडीत मॅडमच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेलं यंत्र. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, टीव्हीला तिकीट लागंल."

"टीव्ही नाही, कॉम्प्युटर आहे."

"मग त्याला काय, हाफ फाडू?"

"फाडा," मॅडम म्हणाल्या, "पण मग खिडकीची जागा त्याला द्या. त्याला लवकर उकडतं."

यंत्रं बसवायचं तांत्रिक काम माझ्याकडं होतं. मी ते चोख केलं, असं मला वाटत होतं. सगळं झाल्यावर परतीच्या गाडीत मॅडमनी सहज विचारलं, "पासवर्ड काय ठेवलेत?"

"माझ्या लेकीचं नाव आणि पुढं एक दोन तीन."

"हे मंगळवेढ्याचं. बाकीच्यांचे?"

"तोच. सातही ठिकाणी. विसरायला नको म्हणून!"

मॅडमनी खिडकीबाहेर बघितलं. ज्वारीची ताटं उभी होती. मग म्हणाल्या, "सर, म्हणजे गेला आठवडा आपण एकच यंत्र सात गाड्यांतून फिरवलं."

पुन्हा सातही ठिकाणी जाऊन पासवर्ड बदलले. या वेळी ते त्या त्या ठिकाणच्या माणसानं टाकायचे आणि मी भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं, अशी शिस्त होती. आणि जाळं सुरू झालं. दिवसभर छान चाललं. संध्याकाळी साडेपाचनंतर बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी आपोआप सुरू, संध्याकाळी पुन्हा बंद. परीक्षा विभागातल्या बाई तर संध्याकाळीच निवांत गुण भरायला बसायच्या. त्यांचे गुण अडकून पडले. मी रात्रभर वायरी, सेटिंग, कुठला व्हायरस आहे का, सगळं तपासलं. मॅडमनी मंगळवेढ्याच्या शिपायाला, दगडूमामांना, फोन लावला आणि आवाज मोठा करून माझ्यापुढं धरला.

"मामा, यंत्र चालू ठेवलंय ना?"

"व्हय मॅडम, दिसभर चालूच अस्तंय की."

"आणि संध्याकाळी?"

"सांजच्याला शाळाच बंद, मग यंत्र कशाला? मेन पाडतो आन् कुलूप लावतो."

"मामा, ते बंद करायचं नाही हो. चोवीस तास पाहिजे."

"आवं, पर भितीवर लिवलंय. 'जाताना मेन स्विच बंद करावा.' थोरल्या साहेबांनी सोता हुबं ऱ्हाऊन रंगवून घेतलंय. आन् मी मेन चालू ठिऊन घरी गेलो, आग लागली, तर तुमी येनार का मंगळवेढ्याला पानी मारायला?"

संस्थापक थोरल्या साहेबांनी ती ओळ प्रत्येक शाळेच्या दाराशी ऑइलपेंटनं लिहून घेतली होती. सगळीकडं तीच अक्षरं, तोच हिरवा रंग. कुठलाही शिपाई वर्षातला एक दिवस ती चुकवत नव्हता. फक्त मध्यवर्ती कार्यालय आणि आमचं कॉलेज उशिरापर्यंत जागं. दोन यंत्रांनी पाचांचा होकार कसा द्यायचा?

मॅडम जिन्यात बसल्या. "सात ठिकाणं शोधली मी. सात माणसं शोधली. झोपायची वेळ सगळ्यांची एकच निघाली," त्या म्हणाल्या. "माझंच चुकलं सर. सात म्हणजे सात असं नुसतं मोजत बसले." मग वर्गात जाऊन फळ्यावर त्यांनी चौथा रकाना आखला, 'एकदम कोण झोपतं?' आणि त्यापुढं काही न लिहिता तास संपवला.

मेन चालू ठेवा म्हणून सगळ्या मुख्याध्यापकांना पत्रं गेली. सगळ्यांनी उलट एकच विचारलं, आगीची जबाबदारी कोण घेणार? त्यावर उत्तर द्यायला कुणी तयार नव्हतं. महिनाभर हेलपाटे घालून आम्ही दोघंही मेटाकुटीला आलो. शेवटी साहेबांनी सोपं करून टाकलं. सातही यंत्रं आपल्या केबिनशेजारच्या खोलीत आणून एका टेबलावर मांडली. खोलीला एसी. किल्ली साहेबांकडं.

आणि जाळं असं पळायला लागलं म्हणता! गुण भरून बोट उचलायच्या आत सात हिरवे दिवे. मी टाळ्याच वाजवल्या, अगदी मनापासून. मॅडम एसीच्या झोतासमोर उभ्या होत्या, डोळे मिटून. "गार आहे बाई," एवढंच म्हणाल्या. त्यांनी कशाचं कौतुक केलेलं मी ऐकलं ते तेवढंच.

मग बाहेरून तपासणी समिती येणार असं ठरलं आणि अहवाल मागितला गेला. तक्ता साहेबांच्या कार्यालयातच टाइप झाला. एका बाजूला जगातली मोठी जाळी, दुसऱ्या बाजूला आमचं. वेगाच्या ओळीत आम्ही जगाच्या पुढं. आणि विकेंद्रीकरणाच्या ओळीत लिहिलं होतं, 'सात स्वतंत्र केंद्रे.' खाली समन्वयक म्हणून मॅडमच्या सहीची जागा. मी फाइल धरून केबिनमध्ये उभा होतो, त्यामुळं पुढचं सगळं ऐकलं.

"सही तेवढी राहिली मॅडम," साहेबांनी सुपारी पुढं केली.

"साहेब, 'सात स्वतंत्र केंद्रे' एवढं काढा. बाकी सगळं खरं आहे."

"सातच आहेत की. मोजून घ्या."

"सात आहेत साहेब, पण स्वतंत्र नाहीत. एका कुलपात आहेत."

"कुलूप माझं आहे," साहेब प्रेमानं म्हणाले. "बाहेर ठेवली होती, तेव्हा चालली का?"

"नाही चालली."

"मग?"

मॅडम म्हणाल्या, "पाच इथं राहू द्या. दोन बाहेर ठेवू."

"मेन कोण चालू ठेवणार?"

"बरं, एक. एकच बाहेर ठेवू."

"कुठं?"

"माझ्या घरी. यांचं ऑक्सिजनचं मशीन आहे, त्यामुळं इन्व्हर्टर आहे. आमच्या घरात मेन कधी बंद होत नाही."

साहेब हसले. "संस्थेच्या पोरांचे गुण तुमच्या घरी?"

"एक नक्कल. तिनं काही अडणार नाही तुमचं. सहा इथं आहेत, पाचांचा होकार इथल्या इथं होतो. पण उद्या कुणी मागच्या ओळी बदलल्या, तर माझ्याकडं जुन्या राहतील. एवढंच."

साहेबांनी सुपारी चघळायची थांबवली. "आणि ते तुमच्या घरचं बंद करायचं झालं तर?"

"तर मला फोन करावा लागेल, साहेब."

साहेब वाईट माणूस नव्हेत. आवाज चढवताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. तेव्हाही ते मऊ आवाजातच म्हणाले, "सोमवारी तुमची मुलाखत आहे ना मॅडम? पॅनेलवर मीच आहे. त्याआधी हे तेवढं येऊ द्या." आणि फाइल माझ्या हातातून घेऊन मॅडमच्या हातात दिली.

ती फाइल स्टाफरूममध्ये टेबलावर पडून राहिली. मी मध्ये पडलो. मध्ये पडायला मला फार आवडतं. "मॅडम, शब्द एक आहे, 'स्वतंत्र'. समिती येईल, काजूकतली खाईल, जाईल. कोण वाचतंय?"

"कोणीच वाचत नाही ना?"

"कोणीच नाही."

"मग काढायला काय होतंय त्यांना?"

शनिवारी त्यांनी 'स्वतंत्र' या शब्दावर शाईची एक सरळ रेघ मारली, वर बारीक अक्षरात 'एका खोलीत' लिहिलं, बाजूला छोटी सही केली, खाली मोठी सही केली आणि फाइल कार्यालयात देऊन आल्या. परत येऊन खुर्चीत बसताना म्हणाल्या, "अय्यो, दमले." हे वाक्य त्या रोज म्हणायच्या, त्यामुळं कुणी वर बघितलं नाही.

मला वाटत होतं, आता मोठं काहीतरी होणार. काहीच झालं नाही. कार्यालयानं ते पान नव्यानं टाइप केलं. 'सात स्वतंत्र केंद्रे' जसंच्या तसं, आणि खालून समन्वयकाच्या सहीची जागाच काढून टाकली. त्या जागी 'संगणक विभाग' असा शिक्का. शिक्क्याला कुणी विचारत नाही. समिती आली, काजूकतली खाल्ली, सात हिरवे दिवे बघून खूश होऊन गेली.

सोमवारी मुलाखत झाली. साहेबांनी यजमानांच्या तब्येतीची चौकशी केली. बाहेरून आलेल्या तज्ज्ञानं विचारलं, "इतकी वर्षं तुम्ही तासिकेवर का राहिलात?" मॅडम म्हणाल्या, "तुम्ही ठेवलंत म्हणून." हे त्यांनी मला चहा पिताना सांगितलं, जरा गालात हसत. निकालाचा कागद फलकावर लागला, 'योग्य उमेदवार आढळला नाही.' जागा रिकामीच राहिली. जूनमध्ये मॅडमचा विषय ऐच्छिक विषयांच्या यादीतून गळला आणि विषयच नाही म्हटल्यावर तासही नाहीत. निरोप समारंभ होत नाही अशा वेळी. कायम नसलेल्या माणसाला निरोप कसला द्यायचा?

पुढच्या उन्हाळ्यात साहेबांना पुन्हा तो विषय हवासा वाटला आणि शिकवायला मला सांगितलं. मी मॅडमच्या नोट्स मागायला मे महिन्यातल्या एका दुपारी शुक्रवार पेठेत गेलो. अरुंद जिना, वर दोन खोल्या. पुढच्या खोलीत खाटेवर यजमान, नाकाला नळी. खाटेशी ऑक्सिजनचं यंत्र धाप टाकल्यासारखं चालू. कोपऱ्यात स्टुलावर एक झाकण काढलेला जुनाट संगणक, त्याच्या पडद्यावर अक्षरं सरकत होती.

"या सर," मॅडमनी सतरंजी झटकली. आणखी वाळल्या होत्या.

"हे काय मॅडम? शिकवणी चालू केली का?"

"नाही हो. त्या जुन्या बिटकॉइनच्या जाळ्याची नक्कल उतरवतेय. संक्रांतीपासून लावलंय. इंटरनेट बेंगळुरूची लेक भरते."

"अजून उतरली नाही?"

"डबा जुना आहे की. आणि ते नुसतं उतरवत नाही. अगदी पहिल्या व्यवहारापासून एकेक तपासत येतंय. अजून मागच्याच वर्षांत अडकलंय कुठंतरी."

"याचे काही मिळतात का?"

"कोण देणार?"

"मग कशाला?"

मॅडमनी पडद्याकडं बघितलं. "कुणाच्या सांगण्यावर पुढं जात नाही हे. मला बघत बसायला बरं वाटतं, बस."

तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला. कोपऱ्यात इन्व्हर्टर पीं पीं करून सुरू झाला. खाटेजवळचं यंत्र चालू राहिलं, संगणकही चालू राहिला. मिनिटाभरात माझा शर्ट पाठीला चिकटला.

"पंखा नाही का इन्व्हर्टरवर?"

"होता. बॅटरी जुनी झालीय, दोनच ओढते. पंखा काढला." त्यांनी चादरीच्या खोक्याचा पुठ्ठा उचलला आणि स्वतःला सोडून संगणकाला वारा घालायला लागल्या. "तापला की बंद पडतो हो मेला."

मला राहवलं नाही. मी पुठ्ठा त्यांच्या हातातून घेतला आणि जोरजोरात वारा घालायला लागलो.

"तोंडावर नको सर. मागून. हवा तिकडून ओढतो तो."

मी खाट आणि भिंत यांच्या फटीत कसाबसा उकिडवा बसलो. यजमानांनी माझ्याकडं बघितलं. नळी जरा बाजूला करून, श्वास घेत घेत म्हणाले, "परमनंट माणूस... कामाला लावला की गं."

"गप्प पडा," मॅडम म्हणाल्या. "सर, नोट्स ट्रंकेत आहेत. देते हं, जरा पाठ टेकते." त्या भिंतीला टेकल्या. बघता बघता मान कलली, पाय सतरंजीबाहेर गेले, एक हात उताणा पडला. त्यांना झोपलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. चेहरा ओळखीचा वाटेना.

मी वारा घालत राहिलो. उजवा हात भरून आला, डावा घेतला. घाम नाकावरून पुठ्ठ्यावर टपकत होता. वीज आली तेव्हा वरचा पंखा कुरकुरत फिरायला लागला आणि मॅडमच्या कपाळावरच्या बटा हलल्या. त्या उठल्या नाहीत. मी सुटलो म्हणून पुठ्ठा खाली ठेवणार, तोच यजमानांनी खाटेवरून हात वर केला. आधी ओठांवर बोट ठेवलं, मॅडमकडं दाखवलं आणि मग तेच बोट संगणकाकडं वळवून मला हळूच खुणावलं, अजून जरा.